परिच्छेद सात-तीनमधला झोका

"सदनिका क्रमांक दोनच्या दिवाणखान्यातील छतास गेलेली भेग ही रहिवाशाने पंख्याच्या हुकास विनापरवाना टांगलेल्या झोपाळ्यामुळेच उद्भवली असून, साक्षीस्फटिकांच्या वाचनाने ही बाब निर्विवादपणे सिद्ध झाली आहे."

कंपनीच्या तांत्रिक अहवालातला हा परिच्छेद सात-तीन. शाल्मली कुंभोजकरने तो वाचला, 'निर्विवादपणे' या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. अहवालात असा शब्द आला की वाद नेमका तिथून सुरू करावा, हे ती बारा वर्षांच्या वकिलीत शिकली होती. ज्याच्याकडे पुरावा असतो तो तारखा देतो. ज्याच्याकडे नसतो तो क्रियाविशेषणे देतो.

शाल्मली मिरजेत बांधकाम तंटा मंडळाच्या विधी-साहाय्य कक्षात काम करी. ज्यांच्या भिंती ओलावतात, छते गळतात आणि ज्यांना वकील परवडत नाही, अशांची बाजू मांडायची, हे तिचे काम. या वेळच्या पक्षकार होत्या सिस्टर एस्तेर आवळे. वय पासष्ट, निवृत्त परिचारिका. शहरातल्या परिचारिकांनी मिळून उभ्या केलेल्या करुणा सहनिवासात तळमजल्यावर त्यांचे घर होते. इमारत बांधली होती अढळपद बांधकाम कंपनीने. परिच्छेद सात-तीन मंडळाने मान्य केला असता, तर कलम एकोणतीसखाली 'घातक फेरफार' सिद्ध झाला असता आणि सिस्टरांचे सभासदत्व रद्द होऊन त्यांना महिन्याभरात घर रिकामे करावे लागले असते. आयुष्यभर क्वार्टरमध्ये राहिलेल्या बाईचे ते पहिले आणि एकमेव घर होते.

शाल्मली हा खटला नेहमीसारखा लढवू शकणार नव्हती, त्याला आणखी एक कारण होते. तिची आई वॉर्डात शेवटचे दिवस मोजत होती, तेव्हा एका सकाळी सिस्टर आवळे ड्यूटी संपल्यावरही थांबल्या, घरून आणलेले कोमट खोबरेल तेल आईच्या केसांना लावले आणि दोन सारख्या वेण्या घातल्या. त्या उपचाराची नोंद कुठल्याही केसपेपरवर नव्हती. आई त्याच दुपारी गेली, नीटनेटकी.

आता स्फटिकांविषयी. काँक्रीट वाळून घट्ट होते, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचा आहे. काँक्रीट वाळत नाही, ते पाणी पिऊन वाढते. सिमेंटचा कण पाण्याशी संयोग पावतो, त्याच्याभोवती अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे फुटते, एका कणाचे जाळे दुसऱ्यात गुंतते आणि दगड तयार होतो. ही वाढ पहिल्या अठ्ठावीस दिवसांत भरात असते. पुढेही ती चालते, पण इतकी मंद की मोजून उपयोग नाही. २०३७ पासून प्रत्येक इमारतीच्या काँक्रीटमध्ये विशिष्ट स्फटिकांची भुकटी मिसळणे सक्तीचे झाले. दाब किंवा ताण आला की या स्फटिकात किंचित विद्युतभार निर्माण होतो. भोवतीचे जाळे वाढत असेल, तर त्या भाराची खूण थराथराने त्यात कोंडली जाते. खोडातल्या वर्तुळांवरून झाडाची वर्षे वाचावीत, तसे छताला दोन तारा लावून या थरांवरून तासच नव्हे, सेकंदही वाचता येतात. चार आठवड्यांचे उन्हाचे चटके, पाणी मारल्याच्या वेळा, वरून चाललेली पावले, खालून निघालेले टेकू, सारे. अठ्ठावीस दिवसांनी जाळे मिटते आणि स्फटिक लिहायचे थांबतात. माणसाच्या उलट प्रकार आहे. काँक्रीटला फक्त बालपण आठवते, संसारातले काहीही आठवत नाही.

एवढे कळल्यावर परिच्छेद सात-तीन पाडायला वकील लागत नाही, नववीचे विज्ञान पुरते. हुकाभोवतीची आंदोलने खरी होती, त्यात वाद नव्हता. पण ती सहाव्या ते सत्ताविसाव्या दिवसाच्या थरांत होती. स्लॅब ओतला गेला ५ एप्रिल २०३९ रोजी आणि सिस्टरांच्या हाती किल्ली आली २०४१ च्या दिवाळीला. एका आंदोलनाचा काळ होता दोन पूर्णांक चार सेकंद. लंबकाचा काळ त्याच्या लांबीवर ठरतो, त्यामुळे ही लांबी येत होती पावणेपाच फूट. सिस्टरांच्या झोपाळ्याची साखळी सात फुटांची. आणि भार? साडेतीन किलो. सिस्टर आवळे कितीही सडसडीत असल्या, तरी साडेतीन किलोच्या नव्हत्या.

कंपनीच्या तज्ज्ञांना हे कळत नव्हते असे नाही. त्यांनी यंत्राला एवढेच विचारले होते, की हुकाशी झोक्याच्या खुणा आहेत का. यंत्र म्हणाले, आहेत. यंत्र खोटे बोलत नाही, आणि न विचारलेलेही सांगत नाही. या दुसऱ्या गुणावर कित्येक सन्माननीय व्यवसाय उभे आहेत.

शाल्मलीने मात्र सबंध अठ्ठावीस दिवसांचे वाचन मागवले. पावणेपाच फुटांवर टांगलेले साडेतीन किलो, दिवसाचे चौदा-पंधरा तास, थांबून थांबून. आलेखावरच्या त्या बारीक लाटांकडे पाहताना तिला समजले, की ही झोळी आहे. एक लेकरू आहे.

पाठोपाठ तिला आणखी एक गोष्ट दिसली, जी दिसली नसती तर बरे झाले असते. सहाव्या दिवशी दुपारी दोन चाळीसला, त्याच खणात, छत तीन मिलिमीटर खाली बसले होते. कोवळ्या स्लॅबखालचे टेकू चौदा दिवस हलवायचे नसतात. इथे मधले सहा टेकू सहाव्या दिवशीच निघाले होते. भेगेचे मूळ तिथे होते. कंपनीच्या लोकांनी ते पान उलटलेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सिस्टरांकडे गेली. दिवाणखान्यात झोपाळा होता, पण तो स्वतंत्र लोखंडी कड्यांना. मधल्या हुकाला नुसता पंखा. त्याच्या शेजारून भेग खिडकीपर्यंत गेली होती. सिस्टरांनी तिच्याकडे असे पाहिले, जसे जुन्या रुग्णाच्या टाक्यांकडे पाहावे. भेग आणखी लांबली का हे पाहायला त्यांनी दोन्ही टोकांना पेन्सिलीने तारखा घातल्या होत्या.

शाल्मलीने सगळे समजावून सांगितले, दिवस, लांबी, काळ. सिस्टर झोपाळ्यावर बसून शांतपणे ऐकत होत्या.

"तर सिस्टर, तो झोका तुमचा नाहीच. कुणीतरी तिथं लहान मूल झोपवत होतं. साडेतीन किलोचं."

"कपड्यासकट," सिस्टर म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"नाही, म्हणजे कपड्यासकट धरलं असेल त्यानं वजन." त्या उठल्या. "चहात आलं चालतं ना तुला?"

शाल्मलीने विचारायचे सोडले नाही. त्या वेळी कामावर कोण होते, काही आठवते का? सिस्टर स्वयंपाकघरातूनच बोलत राहिल्या. रविवारी सुटी असली की डबा घेऊन साइटवर यायची त्यांना सवय होती. घर वाढताना बघायचे, आणि स्वतःच्या वाटणीच्या स्लॅबवर स्वतःच्या हाताने चार बादल्या पाणी ओतायचे. कामगार हसायचे. म्हणायचे, सिस्टर आल्या स्लॅबला सलाईन लावायला. मुख्य मिस्त्री मल्लाप्पा तळवार, सेंट्रिंगवाला. आता आरगेत असतो बहुतेक. बाकी तेरा वर्षांपूर्वीचे कुठले आठवायचे. ज्या बाईला दहा वर्षांपूर्वीच्या रुग्णाचा रक्तगट सांगता येई, तिला तेवढे एक लेकरू आठवत नव्हते.

चहा उत्तम होता. शाल्मलीने तो संपवला आणि वहीत मल्लाप्पाचे नाव लिहून घेतले.

आरग मिरजेपासून फार लांब नाही. मल्लाप्पा तळवार सत्तरीचा, दारात बसून सेंट्रिंगच्या पत्र्यांवरचे वाळलेले सिमेंट खरवडत होता. करुणा सहनिवासाचे नाव निघताच त्याचा हात थांबला.

"सिस्टरचं घर जातंय काय, बाई?"

जाण्याची शक्यता आहे, असे शाल्मलीने सांगितले. झोळीची गोष्टही सांगितली. मग टेकूंची. ती सांगताना तिचा आवाज उगाचच कोरडा झाला. म्हाताऱ्याने मान हलवली.

"टेकू मी काढलो. लिहून घ्या."

"सहाव्या दिवशी? तुम्ही? इतकी वर्षं सेंट्रिंग केलेला माणूस?"

"माझा हात, माझी पहार. दुसरं कोण काढणार?"

"कुणी सांगितलं होतं काढायला?"

"कोण सांगणार? माझीच अक्कल."

सून यल्लव्वा तिथेच बाळंत झाली होती, हे त्याने तुकड्या-तुकड्यांनी सांगितले. एप्रिलचे ऊन, पारा बेचाळीसवर. सबंध साइटवर सावली एवढीच, नव्या स्लॅबखालची. वर पाणी साठवलेले, त्यामुळे खाली गारवा. टेकूंच्या दाटीत यल्लव्वाला कळा सुरू झाल्या. झोळी इतक्या उंच का बांधली, असे शाल्मलीने विचारले, तर तो म्हणाला, कुत्री पोचत होती म्हणून. यल्लव्वा उभ्यानेच काम करी आणि कमरेला बांधलेल्या दोरीने झोका देई.

तेवढ्यात शाल्मलीचे लक्ष भिंतीकडे गेले. शाळेच्या गणवेशातल्या मुलीचा फोटो होता, हातात कसलासा चषक. नात का, असे तिने विचारले. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. आठवीत आहे, गणितात पहिली आली.

"नाव काय?"

तो थबकला. पण नातीचे नाव लपवणे त्याच्याने होईना.

"एस्तव्वा," तो म्हणाला आणि पुन्हा पत्रा खरवडू लागला.

सीमेवरच्या लिंगायत-तळवारांच्या त्या वस्तीत एस्तव्वा नावाची दुसरी मुलगी सापडली नसती. शाल्मलीने वही मिटली. कारागिराने मुदतीआधी टेकू काढले तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गुन्हा जुना झाला म्हणून सुटत नाही, हे तिने त्याला स्पष्ट सांगितले. कायद्याने सांगणे भाग होते. तो म्हणाला, माझे वय झाले आहे, तुरुंगात सावली तरी असेल. मग स्वतःच हसला. "सिस्टरला मात्र काही बोलू नका. ती बाई लै तापट."

परतीच्या वाटेवर शाल्मलीला आपल्या व्यवसायाची स्वच्छ लाज वाटली. सगळे सोयीचे जुळून येत होते. पक्षकार गप्प, साक्षीदार दोष घ्यायला तयार, विरोधी पक्ष आळशी. कायदा तिला खोटे बोलायला सांगत नव्हता, फक्त एक पान उलटू नको म्हणत होता. म्हणजे परिच्छेद सात-तीन लिहिणाऱ्या तज्ज्ञांत आणि तिच्यात अंतर उरले होते ते तिच्या बऱ्या मराठीचे.

कार्यालयात येऊन तिने मूळ बांधकाम परवान्याची फाइल काढली. एक प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. नवव्या महिन्यातली बाई कोवळ्या स्लॅबखाली का राहत होती? फाइलमध्ये उत्तर होते, शिक्क्यासह. 'कामगारांसाठी पक्क्या छपराचा निवारा, चौदा खोल्या, हवेशीर पाळणाघरासह, काम सुरू होण्यापूर्वी उभारण्यात आला असून त्याची प्रत्यक्ष पाहणी केली आहे.' सोबत छायाचित्र. पाळणाघराच्या दारामागे नारळाची उंच झाडे आणि त्यांच्यापलीकडे खाडीचे पाणी. मिरजेला खाडी नाही. हे कळायला स्फटिकांची गरज नव्हती, पण तेरा वर्षांत ते छायाचित्र कुणी पाहिलेच नव्हते.

सुनावणी सांगलीत होती. मंडळाच्या सदस्या श्रीमती पाच्छापुरे शांत आणि काटेकोर म्हणून प्रसिद्ध. शाल्मलीने परिच्छेद सात-तीन दहा मिनिटांत मोडून ठेवला. दिवस, काळ, लांबी, वजन. पाच्छापुरेबाईंनी स्वतः कागदावर आकडेमोड करून पाहिली आणि चष्म्यावरून कंपनीच्या तज्ज्ञांकडे अशा नजरेने बघितले, जशी शिक्षिका नक्कल करूनही नापास झालेल्या मुलाकडे बघते.

खटला तिथेच संपला असता. शाल्मलीने सबंध वाचनाची प्रत हातात घेतली, क्षणभर तशीच धरली आणि मंडळापुढे ठेवली. सहाव्या दिवसाचे पान वर होते. पक्षकाराच्या विरोधात जाऊ शकेल अशी नोंदही मंडळापुढे यावी असे मला वाटते, असे ती म्हणाली. मग खाडीचे छायाचित्र ठेवले. आणि मल्लाप्पाला बोलावले.

त्याने ठरल्याप्रमाणे सगळे स्वतःवर घेतले. कंपनीचे वकील ॲडव्होकेट गुळवणी इतका वेळ खाली मान घालून बसले होते, त्यांच्या अंगात आता जीव आला. निवारा होता की नव्हता हा वेगळा विषय आहे, ते म्हणाले, पण भेगेचे कारण तर साक्षीदाराने कबूल केले. कंपनी निर्दोष आहे, या इसमावर गुन्हा दाखल व्हावा.

"तळवार," पाच्छापुरेबाईंनी विचारले, "कुणाच्या सांगण्यावरून काढले?"

"कुणाच्या न्हाई."

"हुकाला झोळी बांधता येते, हे तुम्हाला सुचलं?"

"सुचलं की."

पाच्छापुरेबाईंनी कन्नडमध्ये हळूच काहीतरी विचारले. म्हातारा गडबडला, त्याने चटकन मागच्या बाकाकडे पाहिले आणि मग जमिनीकडे.

मागच्या बाकावर सिस्टर आवळे उभ्या राहिल्या होत्या.

शाल्मली त्यांच्यापाशी गेली. तुम्ही बोलायला बांधील नाही, ती कुजबुजली. घर विकत घेणाऱ्याने बांधकामात हस्तक्षेप केला तर घरावरचा हक्क जातो, करारात तसे कलम आहे. तिने सिस्टरांचे मनगट धरले होते. सिस्टरांनी सवयीने तिचा हात उलटा केला आणि तिच्या नाडीवर बोटे ठेवली.

"केवढी धडधड ही," त्या म्हणाल्या. "काही खाल्लंस की नाही सकाळपासून?"

"सिस्टर, बसा. हात जोडते."

"तुझ्या आईच्या वेण्या घातल्या तेव्हा मेट्रननं मला मेमो दिला होता. ठाऊक आहे तुला? ड्यूटी संपल्यावर वॉर्डात थांबले म्हणून." त्यांनी मनगट सोडले. "मेमोवर सही केली होती मी. केलं होतं ना मी ते, मग सही नको करायला?"

आणि त्या पुढे गेल्या.

मंडळाने पुढे काय ठरवले ते सांगून टाकणे बरे. कंपनीने जो निवारा कागदावर बांधला, त्याच्या अभावी घडलेल्या कृतीची जबाबदारी कंपनीचीच, असा निर्णय झाला. छत कंपनीने दुरुस्त करून द्यायचे, तळवारवर गुन्हा नाही, खाडीच्या छायाचित्राखाली सही करणाऱ्यांची स्वतंत्र चौकशी. सिस्टर आवळे यांना नियमभंगाबद्दल लेखी समज. ती समज त्यांनी मेट्रनच्या मेमोशेजारी ठेवली. दुरुस्तीच्या वेळी मल्लाप्पाने आरगेहून येऊन स्वतः टेकू लावले आणि चौदाच्या ऐवजी एकवीस दिवस कुणाला हात लावू दिला नाही. एस्तव्वाने त्यांच्या दाटीत बसून वार्षिक परीक्षेचा अभ्यास केला. पंख्याचा हुक तिने बराच वेळ निरखला आणि आजोबांना विचारले, की एवढ्याशा हुकाला मी मावले कशी.

निकालपत्र चाळीस पानांचे आहे. शाल्मलीच्या टेबलावरच्या काचेखाली त्यातले एकच पान आहे, परिशिष्ट तीन, सिस्टर एस्तेर आवळे यांचा जबाब. लेखनिकाने तो कुठलीही दुरुस्ती न करता, बोलल्या तसा उतरवून घेतला आहे:

"टेकू मी काढायला लावले. मल्लाप्पा नको म्हणत होता, पाया पडत होता, म्हणाला चौदा दिवस थांबा सिस्टर, छत बसंल. मी म्हटलं, छत बसलं तर बसू दे, ते माझं आहे. मुलगी सकाळी झाली होती. दोन किलो नऊशे. साइटवरच्या खिळ्यांच्या तराजूवर मीच वजन केलं. जमिनीवर मुंग्या होत्या, आणि वरून फटीतून सिमेंटचं पाणी गळत होतं. ते पाणी चुन्यासारखं भाजतं. एक थेंब तिच्या कपाळावर पडला, तिथं लगेच लाल झालं. तेवढ्यावर मी पहार उचलली, हुकाखाली झोळीला जागा करायला, मग मल्लाप्पानं ती माझ्या हातातून घेतली. मी तेव्हा क्वार्टरमध्ये राहायची, तिथं बाहेरच्या माणसाला एक रात्रही ठेवता येत नव्हतं. दवाखान्यात नेलं असतं, तरी सोडल्यावर ती बाळंतीण इथंच येणार होती. मी सगळ्या साइटवर फिरून आले. तुमच्या कागदावरचं पाळणाघर मला कुठं सापडलं नाही, म्हणून मी ते माझ्या घरात केलं. भेग माझ्यामुळंच पडली आहे. परत तशी वेळ आली तर मी परत तेच करीन, फक्त झोळी जरा भिंतीकडं घेईन, म्हणजे मधले टेकू राहतील. तेवढी माझी चूक झाली."